मोठे पूर्णांक, अनेक पाये: रूपांतर लायब्ररीच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार. फोंडा, गोवा

कामाची हद्द आज ठरली. कितीही लांब पूर्णांक आला तरी तो २ ते ३६ यांपैकी कुठल्याही पायात मजकूर म्हणून लिहून द्यायचा. पाया म्हणजे किती अंकचिन्हांत संख्या लिहायची ते; रोजचा पाया १०. गरज तीन ठिकाणची आहे. पोर्तुगीज अमलातल्या जमाखर्चाच्या वह्यांचे स्कॅन होत आहेत, त्यांतल्या रकमा रुपिया, तांगा आणि रेइस अशा मांडलेल्या आहेत. प्रत्येक स्कॅनला २५६ बिटांची ओळख आहे आणि ती लेबलवर छापायची आहे. शिवाय शाळांसाठीच्या पानावर लाखो अंकांच्या संख्या देवनागरीत दाखवायच्या आहेत.

या नोंदींत ^ म्हणजे घात. संख्या मेमरीत ६४ बिटांच्या खणांत राहते, सर्वांत हलका खण आधी. चिन्ह वेगळे ठेवले आहे. म्हणून उणे २५५ षोडशमानात (पाया १६, दहा ते पंधरा या अंकांना ए ते एफ) ‘-एफएफ’ असेच छापले जाईल, पूरक बिटांची लांबलचक माळ येणार नाही. शून्याला उणे चिन्ह कधीच लागता कामा नये. ही तपासणी छापताना करायची नाही, संख्या तयार होते तिथेच करायची, कारण ‘-०’ एकदा आत शिरला की तुलनाही चुकते.

अंक एकेक करून काढायचे नाहीत, हा आजचा मुख्य निर्णय. शाळेतली रीत सगळ्यांना ठाऊक आहे: १० ने भागा, बाकी लिहा, भागाकार पुन्हा १० ने भागा. रीत बरोबर आहे, पण दर वेळी सगळ्या खणांवरून फिरावे लागते. दहा लाख अंकांची संख्या ५१,९०६ खणांत बसते. एकेक अंक काढत गेलो तर खणांचे भागाकार होतात सुमारे २,५९५ कोटी. तेच १०^१९ ने भागत गेलो तर एका फेरीत १९ अंकांचा एक तुकडा सुटतो आणि काम १३७ कोटींच्या आसपास येते. ६४ बिटांत मावणारा दहाचा सर्वांत मोठा घात १०^१९ हाच, कारण २^६४ म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६, वीस अंकी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची नावे परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत जातात. त्या मापाने आपला एक तुकडा शंभर परार्धांचा.

३ जून २०२५, मंगळवार

दहाखेरीज इतर पायांसाठी तुकड्यांचा तक्ता केला. पाया ३ असेल तर एका तुकड्यात ४० अंक मावतात (३^४० म्हणजे १२१५७६६५४५९०५६९२८८०१). पाया ७ ला २२ अंक, १२ ला १७, ३६ ला १२. तक्ता हाताने भरू नये. पायाने गुणत जावे आणि पुढचा गुणाकार ६४ बिटांबाहेर जाईल तिथे थांबावे. पण ‘बाहेर गेला का’ हे गुणाकार करून झाल्यावर पाहिले तर उशीर होतो, कारण उत्तर गुंडाळून लहान दिसू शकते. म्हणून आधी पाहायचे: आतापर्यंतचा घात (२^६४ − १) भागिले पाया यापेक्षा मोठा आहे का? असेल तर थांबायचे.

आउटपुटची लांबी आधी कळायला हवी, नाहीतर बफर, म्हणजे मजकुरासाठी राखायची मेमरी, किती घ्यायचा हे ठरत नाही. दशमानासाठी बिटांची संख्या गुणिले ३०१०३, भागिले १,००,०००, त्यात १ मिळवायचा. दोनाचा दशमान लॉगॅरिदम ०.३०१०२९९९५६… आहे आणि ०.३०१०३ त्याहून केसभर मोठा, म्हणून हा अंदाज कधी कमी पडत नाही. १२३३ भागिले ४०९६ हा अपूर्णांक सगळीकडे वापरला जातो, पण तो ०.३०१०२५… आहे, खऱ्यापेक्षा लहान. मोठ्या संख्येला त्यावर बफर घेतला तर तो तोकडा पडेल.

५ जून २०२५, गुरुवार

पहिली खरी चूक सापडली. या कामात सर्वांत जास्त जपायचे काय, ते तिच्यातच दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

चाचणी होती १०^१९ + ५. उत्तर हवे: एक, मग अठरा शून्ये, मग पाच. आले ‘१५’. तुकडे दोन्ही बरोबर होते, वरचा १ आणि खालचा ५. पण खालचा तुकडा छापताना त्याची रुंदी १९ धरली नव्हती. सर्वांत डावीकडचा तुकडा सोडला तर प्रत्येक तुकडा पूर्ण १९ अंकांचाच छापला पाहिजे, पुढे शून्ये भरून. तुकड्याला स्वतःची रुंदी माहीत नसते. ती बाहेरून सांगावी लागते.

चाचण्या असूनही चूक इतके दिवस लपली कशी, हे त्याहून महत्त्वाचे. छापलेल्या मजकुराची आम्ही अंकांच्या बेरजेने पडताळणी करत होतो. अंकांची बेरीज आणि मूळ संख्या यांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखी यायला हवी. २^६४ वर हे सुरेख जुळते: अंकांची बेरीज ८८, ९ ने भागून बाकी ७, आणि २^६४ ची बाकीही ७. पण गळलेल्या शून्याने बेरीज बदलत नाही. मग ११ ची कसोटी लावली, एकाआड एक अधिक-उणे. तीही पास झाली, कारण गळलेली शून्ये अठरा, म्हणजे सम, त्यामुळे प्रत्येक अंक आपल्याच चिन्हावर राहिला. ७ लावून पाहिले, १३ लावून पाहिले, १९ सुद्धा. सगळ्यांतून ‘१५’ सुखरूप बाहेर.

कारण कागदावर लगेच दिसते. बरोबर आणि चूक उत्तरांतला फरक १०^१९ − १०, म्हणजे दहा गुणिले अठरा नवांची संख्या. अठरा नवांच्या संख्येला ३, ७, ९, ११, १३, १९, ३७ या सगळ्यांनी भाग जातो. तुकड्यांच्या सीमेवरची चूक ठरलेल्या आकाराची असते आणि लहान भाजक नेमके त्याच आकाराला फसतात.

आता पडताळणी २^६१ − १ ने करतो, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१ ने. ही मूळ संख्या आहे आणि १०^१८ पेक्षा मोठी आहे, त्यामुळे १०^१८ − १ ला ती भागूच शकत नाही. एकीकडे खणांवरून बाकी काढायची, दुसरीकडे छापलेला मजकूर डावीकडून अंक-अंक वाचत बाकी काढायची. दोन्ही वाटांत सामाईक कोड एक ओळही नको.

९ जून २०२५, सोमवार

सकाळपासून पाऊस आणि विजेचा लपंडाव. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरची गती उतरते, म्हणून आजची वेळेची सगळी वाचने रद्द केली. यापुढे नोंदींत वेळेऐवजी क्रियांची संख्या लिहायची. ती पावसाने बदलत नाही.

आतल्या लूपमध्ये १२८ बिटांच्या संख्येला ६४ बिटांच्या भाजकाने भागायचे असते: आधीची बाकी वर, पुढचा खण खाली. सी भाषेत हे सरळ १२८ बिटांच्या प्रकाराने लिहिले तर जीसीसी हा कंपायलर भागाकाराची एक सूचना टाकून मोकळा होत नाही, स्वतःचे साहाय्यक फंक्शन बोलावतो. भागाकाराचे उत्तर ६४ बिटांत मावेल याची त्याला खात्री नसते. आपल्याला असते: वर जी बाकी आहे ती नेहमी भाजकापेक्षा लहान. म्हणून भागाकार टाळून आधीच काढलेल्या व्यस्ताने गुणायचे ठरवले. एका पायरीला दोन गुणाकार आणि थोडी दुरुस्ती लागते.

व्यस्त असा: (२^१२८ − १) ला भाजकाने भागून पूर्ण भाग घ्यायचा, त्यातून २^६४ वजा करायचे. १०^१९ साठी हा आकडा हाताने काढता येतो आणि कोड तपासायला तो फार उपयोगी पडतो. २^१२८ म्हणजे ३४०२८२३६६९२०९३८४६३४६३३७४६०७४३१७६८२११४५६. १०^१९ ने भागायचे म्हणजे उजवीकडचे १९ अंक खोडायचे. उरते ३४०२८२३६६९२०९३८४६३४६. त्यातून २^६४ गेले की १५५८१४९२६१८३८४२९४७३०. प्रोग्रॅमने दिलेला आकडा याच्याशी अंक-अंक जुळला पाहिजे.

ही रीत भाजकाचा सर्वांत वरचा बिट १ आहे असे धरून चालते. १०^१९ हा २^६३ पेक्षा मोठा आहे, त्यामुळे तिथे काही करावे लागत नाही. ३^४० चेही तसेच. पण ३६^१२ एका बिटाने डावीकडे सरकवावा लागतो, ७^२२ दोन बिटांनी, १२^१७ तीन बिटांनी. भाजक सरकवला की संख्याही तेवढीच सरकवायची आणि शेवटी बाकी तितकीच परत आणायची. फक्त दशमानावर चाचणी केली तर सरकवण्याचा कोड कधी चालतच नाही. चाचण्यांच्या यादीत ७, १२ आणि ३६ कायमचे घातले.

तुकडा हाती आल्यावर त्याचे १९ अंक काढायला ‘००’ ते ‘९९’ असा २०० बाइटचा तक्ता. नऊ जोड्या आणि एक सुटा अंक.

११ जून २०२५, बुधवार

२, ४, ८, १६, ३२ या पायांना भागाकार लागतच नाही, बिट उचलून अंक करायचे. षोडशमानात एका खणाचे बरोबर १६ अंक. अष्टमानात (पाया ८) मात्र ६४ बिटांतून २१ अंक निघतात आणि एक बिट उरतो. बाविसावा अंक पहिल्या खणाचा एक बिट आणि दुसऱ्याचे दोन बिट मिळून होतो. तीन खण म्हणजे १९२ बिट झाले की हिशेब पुन्हा सीमेवर येतो, ६४ अंकांनी. पाया ३२ ला असेच पाच खण लागतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे खण सरकवताना ६४ ने सरकवणे. सी मध्ये ६४ बिटांचा शब्द ६४ जागा सरकवणे ही व्याख्येबाहेरची क्रिया आहे, आणि बऱ्याच प्रोसेसरांवर ती शून्य जागा सरकवल्यासारखी वागते. सीमेवर नेमके बसणारे अंक वेगळे हाताळावेत.

१३ जून २०२५, शुक्रवार

तुकडे-तुकडे काढण्याची रीत लाखभर अंकांपर्यंत ठीक. पुढे अंक दुप्पट झाले की काम चौपट होते. म्हणून संख्या मधोमध फोडायची: १०^(१९ × २^क) अशा घातांचा तक्ता करायचा, संख्येत मावणारा सर्वांत मोठा घात घ्यायचा आणि त्याने भागायचे. भागाकार हा डावा भाग, बाकी हा उजवा. दोघांना पुन्हा तसेच फोडायचे. ठरावीक लांबीखाली आले की जुनी रीत. तो उंबरठा ज्या यंत्रावर कोड चालणार तिथेच मोजून ठरवावा.

दहा लाख अंकांना तक्त्यात १६ घात लागतात. सर्वांत मोठा १०^६२२५९२, तो ३२,३१६ खणांचा, म्हणजे २,५८,५२८ बाइट. खालचे सगळे मिळून साधारण तेवढेच.

पण भागाकार शाळेच्याच रीतीचा ठेवला तर या फोडण्यातून फार काही हाती लागत नाही. पहिल्याच पायरीत ५१,९०६ खणांना ३२,३१६ खणांनी भागायचे म्हणजे सुमारे ६३ कोटी गुणाकार, आणि जुन्या रीतीचे सगळे काम १३७ कोटींचे होते. फायदा खरा तेव्हाच, जेव्हा मोठा गुणाकार जलद असतो आणि भागाकार त्या गुणाकारावर बसवलेला असतो. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक घातासोबत न्यूटनच्या रीतीने (अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत) काढलेला त्याचा व्यस्तही साठवला. एका पातळीवर तोच भाजक अनेकदा येतो, त्यामुळे व्यस्ताचा खर्च भरून निघतो.

रुंदीचा प्रश्न इथे दुसऱ्या रूपात आला. सर्वांत डाव्या फांदीला शून्ये भरायची नाहीत, बाकी प्रत्येक फांदीला तिची पूर्ण रुंदी भरायची. फंक्शनला रुंदी पाठवतो, आणि ० पाठवली तर ‘भरू नका’ असा अर्थ. सुरुवातीला फंक्शनच्या पहिल्याच ओळीत होते: संख्या शून्य असेल तर ‘०’ लिहून परत जा. बाहेरून बोलावताना ते बरोबर. आत खोलवर एखादा अख्खा भाग शून्य निघाला की तिथे ६०८ शून्यांच्या जागी एकच पडत होते. १०००! (१ ते १००० यांचा गुणाकार) ही संख्या यासाठी उत्तम कसोटी आहे: २,५६८ अंक, शेवटी २४९ शून्ये, म्हणजे उजवीकडचे तेरा तुकडे अख्खे कोरे आणि चौदाव्यातही दोन शून्ये.

१७ जून २०२५, मंगळवार

मेमरी वाचवण्यासाठी १०^न ऐवजी ५^न साठवले. १०^न ने भागायचे म्हणजे आधी न बिट उजवीकडे सरकवायचे, मग ५^न ने भागायचे. सर्वांत मोठा घात ३२,३१६ खणांवरून २२,५८८ वर आला, भागाकारही तितका हलका.

पण सरकवताना गळणारे न बिट बाकीचाच भाग असतात. ५^न ने आलेली बाकी न जागा डावीकडे नेऊन तिच्या खाली ते बिट परत बसवावे लागतात. कोडच्या पहिल्या जतन केलेल्या आवृत्तीत हे राहून गेले होते. १०^१००० सारख्या चाचण्यांत काही दिसले नाही, कारण तिथे खालचे बिट शून्यच असतात. १०००! ने पकडले: डावीकडचे १३६ अंक बरोबर, पुढे मध्ये-मध्ये बिघडलेले पट्टे. मजकुराची सुरुवात बरोबर आणि पुढे पट्टे, असे दिसले की गुणाकारावर संशय घेण्याआधी बाकी कशी जोडली आहे ते पाहावे.

१९ जून २०२५, गुरुवार

मधल्या लांबीच्या संख्यांना संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचा अल्गोरिदम डी, म्हणजे लांब भागाकाराची रीत, वापरतो. त्यात भागाकाराचा अंदाज एकाने जास्त आला तर भाजक परत मिळवण्याची एक फांदी आहे. ती चालण्याची शक्यता २ भागिले खणाचा पाया (एका खणात मावणाऱ्या किमतींची संख्या), म्हणजे ६४ बिटांच्या खणाला जवळजवळ नाहीच. यादृच्छिक संख्यांवर वर्षभर चाचणी चालवली तरी ती फांदी उघडणार नाही, आणि तिथली चूक तशीच राहील.

उपाय असा केला. खणाचा प्रकार कोडमध्ये एकाच ठिकाणी ठरतो, तो बदलून ८ बिटांचा केला आणि तुकडा १०^२ चा. आता ती फांदी साधारण १२८ त एकदा उघडते. तिच्यात एक मोजणी ठेवली आहे. चाचणीअखेर मोजणी शून्य असेल तर चाचणी नापास. याच रूपात ० ते १,६७,७७,२१५ या सगळ्या संख्या पस्तीसही पायांत छापून परत वाचल्या. खण लहान केला की सीमा जवळ येतात आणि सीमेवरच्या चुका लगेच दिसतात. हे कुठल्याही मोठ्या पूर्णांकाच्या कोडला करून पाहावे.

२३ जून २०२५, सोमवार

सांजाव या गोव्यातल्या सणाच्या आदल्या दिवशी देवनागरी अंकसंच हाती घेतला.

दहाच्या वरच्या अंकांना अक्षरे कुठली? ०–९ नंतर क, ख, ग, घ, ङ, च असे घेतले की पाया १६ चा शेवटचा अंक ‘च’ येतो आणि २५५ म्हणजे ‘चच’. क ते म ही पाच वर्गांची २५ अक्षरे धरली की पाया ३५ पुरा होतो, ‘य’ घेतला की ३६. मांडणी मराठी वाचणाऱ्याला पाठच असते. व्यंजने शेजारी-शेजारी आली तरी हलंत नसल्यामुळे जोडाक्षर होत नाही.

कोडमध्ये मात्र ‘क’चा क्रमांक अधिक (अंक − १०) असे लिहिले होते, आणि ते चुकीचे आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या प्रमाण क्रमांकांच्या यादीत, ‘न’ आणि ‘प’ यांच्या मध्ये नुक्त्याचा ‘ऩ’ बसलेला आहे. क ते न ही वीस अक्षरे सलग, त्यामुळे २९ पर्यंतचे अंक बरोबर येतात. ३० ला ‘प’ हवा तिथे ‘ऩ’ येतो आणि पुढचे सगळे एकाने घसरतात. ३५ ला ‘य’च्या जागी ‘म’. पाया ३० पर्यंत चूक दिसणारच नाही. वर एखाद्या प्रोग्रॅमने युनिकोड विघटन केले तर ‘ऩ’चे ‘न’ आणि नुक्ता असे दोन होतात आणि रुंदी बिघडते. बेरीज काढून टाकली, ३६ अक्षरांचा तक्ता लिहिला.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. रोमन लिपीत अंक अक्षरांच्या आधी येतात, म्हणून समान रुंदीचे षोडशमान मजकूर बाइटनुसार लावले तरी संख्येचा क्रम टिकतो. देवनागरीत अक्षरांचे क्रमांक अंकांच्या आधी आहेत, त्यामुळे ‘क’ म्हणजे दहा हा ‘०’च्याही आधी लागतो. हा मजकूर डेटाबेसमध्ये क्रमवारीसाठी वापरायचा नाही. तिथे मूळ २५६ बिट ठेवायचे आणि छापताना रूपांतर करायचे.

लेबलवर कुठला पाया हेही ठरले. २५६ बिटांना दशमानात ७८ अंक लागू शकतात, पाया ३६ मध्ये ५०, पाया १६ मध्ये नेमके ६४. पन्नास आकर्षक वाटतात, पण पाया ३६ मध्ये घ आणि ध दोन्ही येतात, भ आणि म दोन्ही येतात, ङ आणि डसुद्धा. बारीक छपाईत, दमट हवेत थोडी फुटलेल्या शाईत, त्या जोड्या वाचणाऱ्याला फसवतील. पाया १६ मध्ये यांतले फक्त घ आणि ङ आहेत, त्यांचे जोडीदार नाहीत. म्हणून लेबल पाया १६ मध्ये, चार-चार अक्षरांचे सोळा गट, आणि नेहमी पूर्ण ६४ अक्षरे. सुरुवातीचे शून्य इथे संख्येचा नाही, पण ओळखीचा भाग आहे. ते गाळायचे नाही.

२६ जून २०२५, गुरुवार

देवनागरी अंक यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइटचा असतो: ‘०’ म्हणजे २२४, १६५, १६६ आणि ‘९’ म्हणजे २२४, १६५, १७५. लहान संख्यांच्या वाटेत जुना कोड अंक उजवीकडून लिहून शेवटी मजकूर बाइट-बाइट उलटवत होता. रोमन अंकांना ते चालते. देवनागरीत प्रत्येक अंकाचे तीन बाइटही उलटतात आणि पडद्यावर चौकटी दिसतात. उलटवणे पूर्ण काढले. लांबी आधी माहीत आहे, तर बफरच्या उजव्या टोकापासून डावीकडे लिहीत यायचे.

स्वल्पविराम आपल्या रीतीने: उजवीकडून पहिला गट तीनचा, पुढे दोन-दोनचे. न अंकांना स्वल्पविराम (न − २) भागिले २, पूर्ण भाग. न किमान ३ हवा. डावीकडून लिहायचे असेल तर न सम असताना पहिला गट एका अंकाचा, विषम असताना दोनचा. दहा लाख अंकांना ४,९९,९९९ स्वल्पविराम, बाइट ३४,९९,९९९. स्वल्पविराम तुकड्यांच्या आत घालू नयेत. १९ विषम आहे, त्यामुळे गटांची सीमा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरकत जाते. आधी सलग अंक, मग एका फेरीत गट.

३० जून २०२५, सोमवार

वह्यांच्या रकमा. इथे पाया एक नसतो, प्रत्येक स्थानाचा वेगळा. १ रुपिया म्हणजे १६ तांगा, १ तांगा म्हणजे ६० रेइस, म्हणून रुपियाचे ९६० रेइस. आतला आकडा नेहमी रेइसमध्ये, पूर्णांक. छापताना आधी ६० ने भागून बाकी रेइस, मग १६ ने भागून बाकी तांगा, उरलेला भागाकार रुपिया. बेरजा मोठ्या असतील तर एकदाच ९६० ने भागावे आणि बाकीचे दोन तुकडे नंतर करावेत. लांब भागाकार दोनाऐवजी एकच लागतो. १०^१९ च्या तुकड्याचीच ही कल्पना.

१,००,००० रेइस म्हणजे १०४ रुपिया, २ तांगा, ४० रेइस. मांडणी १०४-०२-४०. तांगा १५ पर्यंत आणि रेइस ५९ पर्यंत जातात, म्हणून दोन्हींची रुंदी २. ब्रिटिश रुपयाच्या रकमा याच फंक्शनने होतात, फक्त स्थाने १६ आणे आणि १२ पै, एकूण १९२.

उणे रकमा आधी धन करून फोडायच्या आणि चिन्ह शेवटी लावायचे. सी मध्ये उणे संख्येची बाकी उणे येते. −१०० रेइस सरळ फोडले तर तांगा आणि रेइस दोघांपुढे उणे छापले जाते. हवे ते −०-०१-४०. सर्वांत लहान चिन्हयुक्त संख्या −२^६३ धन करताना चिन्हयुक्त प्रकारात मावत नाही, ते रूपांतर अनसाइन्ड (बिनचिन्हाच्या) प्रकारातच करायचे.

१९५८ च्या बदलात रुपियाच्या जागी एस्कुदो आला, १ रुपियाला ६ एस्कुदो, एस्कुदोचे १०० सेंताव्हो. म्हणजे ९६० रेइस बरोबर ६०० सेंताव्हो, ८ रेइसला ५. एकेका रकमेचे रूपांतर पूर्णांकात बसत नाही. त्यामुळे वहीत जे चलन आहे त्याच चलनात साठवायचे, रूपांतर फक्त वाचकाला दाखवताना.

३ जुलै २०२५, गुरुवार

मोठी चाचणी: २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या (दोनाच्या घातापेक्षा एकाने लहान असलेली मूळ संख्या), ४,१०,२४,३२० अंकी. मेमरीत २१,२९,३७३ खण.

षोडशमानात ही संख्या काही न करता सांगता येते: १, मग ३,४०,६९,९६० वेळा एफ. अष्टमानात ३, मग ४,५४,२६,६१३ वेळा ७. दशमानात मात्र सगळे भागाकार करावेच लागतात. म्हणून आधी १६ आणि ८ मध्ये छापून बिट उचलण्याची वाट तपासली, मग दशमान. शेवटचे दोन अंक घातांच्या बाकीवरून स्वतंत्रपणे ५१ येतात, ते जुळले. २^६१ − १ ची बाकीही जुळली.

एक दोष निघाला. ३ जूनच्या सूत्राने लांबी ४,१०,२४,३२१ येते, खऱ्यापेक्षा एक जास्त. सूत्र वरचीच मर्यादा देते, त्यामुळे हे अपेक्षितच. पण उजवीकडून लिहिल्यामुळे बफरची पहिली जागा न लिहिता राहिली आणि तिथे जुना कचरा छापला गेला. आता फंक्शन बफरची सुरुवात परत देत नाही, पहिल्या लिहिलेल्या अंकाची जागा देते. देवनागरी अंक आणि स्वल्पविरामांसह फाइल १४,३५,८५,११९ बाइटची. लांबी याच आकड्याशी ताडून पाहिली.

शाळांच्या पानासाठी दोन सूचना. संख्या ब्राउझरकडे मजकूर म्हणूनच पाठवायची. जेसनमध्ये (माहिती पाठवण्याच्या मजकुरी मांडणीत) नुसती संख्या म्हणून ९००७१९९२५४७४०९९३ पाठवली तर जावास्क्रिप्ट वाचताना तिची ९००७१९९२५४७४०९९२ करते, आणि कुठेही त्रुटी दाखवत नाही. आणि बाहेरून येणाऱ्या मजकुराला लांबीची मर्यादा हवी. पायथनने २०२२ मध्ये दशमान रूपांतराला ४,३०० अंकांची मर्यादा घातली ती याच कारणाने: वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या कामाला कोणीही एका लांब ओळीने सर्व्हर अडकवू शकतो. दोनाच्या घातांच्या पायांना तिथे मर्यादा नाही, कारण ते काम लांबीच्याच प्रमाणात वाढते. आमच्याकडेही तीच विभागणी: २, ४, ८, १६, ३२ ला मोकळीक, १० आणि इतर पायांना मर्यादा, आणि ती मर्यादा रूपांतर सुरू करण्याआधी बिटांच्या संख्येवर तपासायची.

बाकी काम: वाचनाच्या बाजूला, म्हणजे मजकुरातून संख्या करताना, दहाच्या घातांचा हाच तक्ता वापरणे. आत्ता ती बाजू अजून एकेक तुकडा गुणत जाते.